डाव्या हाताचं मशीन

बाईंनी पिशवीतून फोटो काढून काउंटरवर ठेवला, आणि अंधारकाकांनी हातातली कात्री खाली ठेवली.

अंधारकाका म्हणजे स्टुडिओतला सगळ्यात जुना माणूस. उभा जन्म डार्करूममध्ये गेला, म्हणून हे नाव. आता डार्करूममध्ये झाडू आणि खोकी असतात, आणि काका बाहेर बसून पासपोर्टचे फोटो कापतात.

फोटो कृष्णधवल, कडा पिवळ्या पडलेल्या. एक तरुण बाई शिलाई मशीनवर बसून डाव्या हातातल्या कात्रीने दोरा कापतेय. मागे स्टुडिओचा शिक्का. तो बघूनच तर बाई दोन बस बदलून इथे आल्या होत्या.

"ही माझी आई," त्या म्हणाल्या. "हे मशीन कुठलं तेवढं सांगा. फोटो कुठे काढला ते सांगितलंत तरी चालेल."

आणि मग त्या ज्या सुटल्या, त्या थांबेचनात. त्या स्वतः शिवणकाम करायच्या, आणि पक्क्या डावखुऱ्या. आपल्या नेहमीच्या मशीनचं चाक असतं उजव्या हाताला, या फोटोत मात्र ते आईच्या डाव्या हाताला. मग आईसारखं मशीन आपल्यालाही हवं, म्हणून वर्षभर जुन्या बाजारात, दुरुस्तीवाल्यांकडे, फोटो नाचवत हिंडल्या. एक दुरुस्तीवाला तर हसून हसून स्टुलावरून पडायचाच बाकी होता. असं मशीन कुणी बनवलेलंच नाही ताई, म्हणाला, फोटो काढणाऱ्यालाच विचारा.

काका हसले नाहीत. त्यांना पहिल्या नजरेतच कळलं होतं. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. मंद बाजू कागदाकडे ठेवायची, बस्स, एवढंच. ते चुकलं की चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं. मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला निगेटिव्हचा नंबरही काकांच्याच अक्षरात होता. नोकरीचा पहिला महिना होता. मालक म्हणाले होते, फोटोतली बाई वारलीय, घरचे बाहेर थांबलेत, जरा हात चालव.

आता मालक जाऊनही वीस वर्षं झाली होती. आठवत नाही हो, म्हटलं की मिटलं. कुणाला कळणार होतं? काकांनी तसं म्हणायला तोंडही उघडलं.

पण बाई बोलतच होत्या. आई गेली तेव्हा त्या दीड वर्षाच्या, मावशीने वाढवलं. शाळेत डाव्या हाताने लिहिते म्हणून पट्ट्या खाल्ल्या, पण हात बदलला नाही, कारण घरी भिंतीवर हा फोटो होता. मावशीचा मात्र एकच धोशा, अगं, तुझी आई उजव्याच हाताची होती.

"शेवटी चार लोकांत मी तिला खोटारडी म्हटलं," बाई म्हणाल्या. "अकरा वर्षं झाली. ती येत नाही, मी जात नाही. आता आजारी आहे म्हणतात. एकदा मशीन सापडू दे, उचलून तिच्यासमोर नेऊन ठेवते."

काकांनी तोंड मिटलं. उठले, आत गेले. नंबर होताच, तरी निगेटिव्हचं पाकीट शोधायला अर्धा तास लागला. त्यातली दहा मिनिटं ते सापडलेलं पाकीट हातात धरून नुसते उभे होते.

काकांनी दिलेली निगेटिव्ह बाईंनी तशीच उजेडाकडे धरली. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं, पण आई तीच, कात्री डाव्या हातात. हीच ती, असं म्हणताना त्यांचा चेहरा असा काही खुलला की काकांना वाटलं, मागच्या दाराने पळून जावं.

"आता पलटून धरा," ते म्हणाले.

बाईंनी पलटली. चाक आईच्या उजव्या हाताला गेलं. कात्रीही गेली. त्यांनी परत पलटली. परत एकदा.

"ही बाजू खरी," काका म्हणाले. "छापताना उलटी लागली. छापणारा मीच."

बाई ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्यांनी निगेटिव्ह डाव्या हाताने हळूच काउंटरवर ठेवली.

"एक छापून द्या," त्या म्हणाल्या. "सरळ. मावशीसाठी."

"आणि एक तुम्हाला?"

बाईंनी जुना फोटो रुमालाने पुसला आणि पिशवीत ठेवला.

"माझ्याकडे आहे की."