पदराखालची टिचबटणं

"मी नाही येणार. पुन्हा विचारू नकोस," सुमनबाई लेकीला म्हणाल्या आणि गाऊनला हात पुसत आत निघून गेल्या.

योगिनीने लॅपटॉप मिटला. सख्ख्या भाचीचं लग्न, आणि आईचा हा रुसवा! वणीच्या वत्सलामावशीने पत्रिका नुसती मोबाइलवर पाठवली होती. मानपान दुखावला, दुसरं काय? तिने फोन करून मावशीला चांगलं सुनावलं. मावशी बिचारी दुसऱ्याच दिवशी एसटीने नाशिक रोडला आली, बहिणीच्या हातात अक्षता ठेवल्या, समोर बसून आवतण दिलं. "आता तरी ये की गं. लय आस लावून बसलीय पोरगी." सुमनबाई रडल्या, पण हो काही म्हणाल्या नाहीत.

योगिनीला स्वतःचा घोर वेगळाच. नोकरी सुटल्यापासून ती ऑनलाइन धंद्यासाठी धडपडत होती. पावसाळ्याआधी काही जमलं नाही तर पुण्याची नोकरी धरायची आणि आईला इथे एकटीला सोडायचं, हे ठरलेलं. 'ज्या गिऱ्हाइकाला बाजारात कोणी विचारत नाही ते शोधा, नफा तिथेच,' असं व्हिडिओतले गुरुजी सांगत. तिने सेंद्रिय गूळ पाहिला, कुत्र्यांचे स्वेटर पाहिले. जिथे जावं तिथे आधीच जत्रा!

लग्नाच्या आदल्या दिवशी ती चहा घेऊन आईच्या खोलीत गेली. सुमनबाई आरशासमोर उभ्या होत्या. पैठणी पलंगावर पडलेली. ब्लाऊजची एक बाही चढवलेली, दुसरी पाठीमागे लोंबतेय. आखडलेला डावा हात काही केल्या तिथवर जाईना. घामाने चेहरा डबडबला होता.

"गाऊनवर लग्नाला कसं जायचं गं?" त्या हळूच म्हणाल्या.

योगिनीचे डोळे भरून आले. रुसवा नव्हताच, आणि आपण उगाच मावशीला वणीहून पळवलं! तिने ब्लाऊज घेतलं, डावी बाजू गळ्यापासून बाहीच्या टोकापर्यंत वरून कापली, कडा दुमडून टिचबटणं लावली. आता हात उचलायलाच नको. बाही खालून गुंडाळायची, खांद्यावर बटणं दाबायची, वरून पदर.

लग्नात पैठणीतल्या सुमनबाई दिसल्या आणि नवरीच्या खोलीत एकच गलका झाला. नवरीला सोडून बायका त्यांच्याभोवती.

"सुमन, तुझा तर खांदा धरलाय. कसं घातलंस?" नात्यातल्या आक्काबाईंनी विचारलं.

सुमनबाईंनी तोऱ्यात पदर सारला. "माझ्या लेकीनं शिवलंय!"

"मला पण दे गं बाई, सून बाही चढवते तेव्हा जीव जातो माझा!"

"मला बी!"

"माझ्या नणंदेला पण, ती धुळ्याला असते!"

योगिनी बघतच राहिली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पुणं गेलं खड्ड्यात! ती खुर्चीवर चढली आणि ओरडली, "थांबा, थांबा! कोणाकोणाला हवंय? हात वर करा!"

खोलीभर हात उठले. एकही खांद्याच्या वर गेला नाही.