वाऱ्यातली पऱ्हाटी

पूनम जिना चढून आली, तेव्हा नीरजा मोठ्या फळ्यावर परदेशी गाऊनचे फोटो टाचत होती. शेजारी रंगीत चिंध्या, सुकी पानं, धाग्यांचे तुकडे. मुंबईच्या डिझायनरसाठी भरतकामाचा नवा नमुना बेतायचा असला की ती आधी सगळं असं एकत्र लावून बघायची.

"ओळखलं का ताई? मोताळ्याची पूनम. मागच्या साली वही घेऊन आलती."

नीरजानं ओळखलं होतं.

"तुमी म्हटलं होतं, हात कच्चा हाय, रेघा वाकड्या येतात. तवापासून रोज काढून राह्यली मी. पट्टी धरून." पूनमनं नवी वही पुढे केली. "आता पाहा."

नीरजानं पानं उलटली. कमळ, वेल, मोर. देठ सरळ, पाकळ्या मोजून आखलेल्या, दोन्ही बाजू अगदी सारख्या. बाजारात भरतकामाचे छापील कागद मिळतात, त्यांवर असतात तशा. एकही रेघ चुकलेली नव्हती.

मागच्या वर्षीच्या वहीत एक पऱ्हाटी होती, कापसाचं झाड. वाऱ्यानं एका अंगाला झुकलेली, बोंडं अर्धी फुटलेली, एक फांदी पार कागदाबाहेर निघालेली. नीरजानं त्या पानाचा गुपचूप फोटो काढला होता आणि 'अजून सराव कर' म्हणून पोरीला परत पाठवलं होतं. पानाच्या कोपऱ्यात पूनमचं नाव होतं. मुंबईला पाठवताना फोटोतला तेवढा कोपरा नीरजानं कापला. पऱ्हाटी नीरजाच्या नावावर एका नवरीच्या घागऱ्यावर चढली आणि सगळ्यांना इतकी आवडली की पुन्हा मागणी आली.

"सुधारलं न ताई? तुमी खरं सांगतलं म्हणून झालं. नाई त मी तसंच वाकडंतिकडं काढत राह्यली असती."

"पाणी आणते तुला," नीरजा म्हणाली आणि आत गेली. आत ती नुसतीच उभी राहिली.

ती परतली तेव्हा पूनम खिडकीपाशी होती. लाकडी चौकटीवर फिकट रेशीम ताणलेलं होतं. भरतकाम करणाऱ्या सिंधूताई जेवायला गेल्या होत्या. रेशमावर जरीची पऱ्हाटी अर्धी भरून झाली होती.

"ताई, हा देठ वाकडा गेला वाटते," पूनम हळूच म्हणाली. "कोणाच्या ध्यानात नाई आलं. उसवून देऊ का?"

नीरजानं हातातला पेला खाली ठेवला.

"नको. तो तसाच आहे. पूनम, ही तुझीच पऱ्हाटी आहे."

पूनमला ती थट्टा वाटली. ती हसली. मग नीरजानं मोबाइलवरचा जुना, न कापलेला फोटो समोर धरला. कोपऱ्यातलं स्वतःचं नाव पूनमनं दोनदा वाचलं.

"मंग मले कच्चं काऊन म्हटलं?"

"कच्चं नव्हतंच ते. मला हवं होतं, म्हणून म्हटलं."

पूनमनं आपली वही मिटून घेतली. ती रडली नाही. रडली असती तर बरं, असं नीरजाला वाटलं.

तिनं पूनमसमोरच मुंबईला फोन लावला. चित्र आपलं नाही, पूनमचं आहे, हे दोनदा सांगितलं. पलीकडून काय ऐकावं लागलं ते सांगण्याजोगं नव्हतं. फोन ठेवून तिनं कोरा कागद आणि पेन्सिल पूनमपुढे सरकवली.

"आता काढ. तुझ्या मनासारखं. मी काही बोलणार नाही."

पूनम बसली. पेन्सिल खालून वर गेली. देठ सरळ आला. तिनं खोडलं, पुन्हा काढला. सरळच. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटून हात फिरवला आणि उघडून पाहिलं.

रेघ याही वेळी सरळच गेली होती.

"ताई," तिनं विचारलं, "मी ते कसं काढलं होतं?"