गगनीच्या आईचा पाय

"मारून टाका," मालनबाई म्हणाल्या. "रोजची कटकट मिटंल."

सृष्टीचं पेन हवेतच राहिलं. प्रश्न तिनं हेलनबाईंना विचारला होता, उत्तर शेजारणीनं दिलं होतं. कोल्हारात सकाळपासून असंच चाललं होतं. विचारावं एकाला, मत द्यावं आख्ख्या गल्लीनं.

प्रश्न तसा सरळ होता. 'गगनी' ही पुण्यात तयार होणारी कार्टून मालिका. उडणारी, गावं वाचवणारी एक मुलगी. पुढचे भाग लिहायला घेण्याआधी प्रेक्षकांना काय आवडतं, काय खटकतं, ते विचारायला सृष्टीला पाठवलं होतं. आणि मुख्य म्हणजे हा प्रश्न: गगनीची आई पुढं ठेवायची, की मारायची? स्टुडिओतल्या निम्म्या लोकांना ती नको होती. लेखिका एंजेला मॅडम एरवी कुणाचं ऐकायच्या नाहीत. यावेळी मात्र म्हणाल्या, लोकांना विचारू. कोल्हारची घरंही त्यांनीच नेमून दिली. का, ते सृष्टीनं विचारलं नाही. मॅडमना कारणं विचारणारे स्टुडिओत फार टिकत नसत.

"आईचं मागाहून," हेलनबाई म्हणाल्या. "आधी दोष, मग गुण."

निवृत्त शिक्षिका त्या. खुर्चीत ताठ बसल्या होत्या. सृष्टी आल्यापासून जागच्या हलल्या नव्हत्या. पाणीसुद्धा तिचं तिलाच माठातून घ्यायला लावलं होतं. दारात नाताळची कागदी चांदणी टांगलेली आणि घरभर तुपाचा वास.

"पुलावर कलंडलेली उसाची ट्रॉली गगनी एका हातानं उचलते."

"आन् मोळी एक सुटत न्हाई," मालनबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांची ट्रॉली नुसत्या गचक्यानं निम्मी रिकामी होती."

"वाऱ्यात उडते, पण वेणी हलत नाही. तो राक्षस वार करायच्या आधी भाषण ठोकतो. तेवढ्या वेळात मी आठवीचा वर्ग गप्प केला असता."

सृष्टी हसत लिहीत राहिली. ज्याला मालिका आवडत नाही तो दोन वाक्यांत मोकळा होतो. ज्याचा जीव जडलाय तोच वेणीपर्यंत पोचतो, हे तिला एव्हाना कळलं होतं.

"आणि ती आई उजव्या पायानं लंगडते. ते चूक आहे."

"तुमाला काय करायचंय बाई? कोन्ता का पाय आसंना," मालनबाई पदराआड हसल्या.

हेलनबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, वर्गात पाहत असतील तसं. मालनबाईंनी हसू गिळलं. सृष्टीनं 'पाय' असं लिहून पुढं प्रश्नचिन्ह टाकलं.

"आणि गुण?"

"तिचा झगा."

गगनी उडताना जो झगा पांघरते तो आईच्या जुन्या हिरव्या साडीतून बेतलेला. पहिल्याच भागात आई म्हणते, ही थेरं माझ्या घरात चालणार नाहीत. गगनी घर सोडते. आई आतून कडी लावते.

"घर सोडलं, पण साडी नाही टाकली पोरीनं," हेलनबाई म्हणाल्या. "इतके भाग झाले, अजून अंगावर आहे. हे ज्यानं लिहिलं त्याचे उपकार मानते मी. रोज मानते."

"रोज म्हंजी काय," मालनबाई सृष्टीकडे वळल्या. "शेवटाला ती बारीक अक्षरं पळत्यात न्हाई का? कुनी लिव्हलं, कुनी रंगवलं? ती संपस्तोवर टीव्ही बंद करू देत न्हाईत. जशी काय सोयऱ्यांची नावं हायेत."

"राबणाऱ्यांची नावं वाचावीत माणसानं. तुझ्या मॅडम काय म्हणतात गं, आईबद्दल?"

"काहीच नाही. पण आईचे प्रसंग दुसऱ्या कुणाला लिहू देत नाहीत. करंजीचं चित्र तर पुन्हा पुन्हा काढायला लावलं. कड कातणानं कापायची नाही, बोटानं मुरड घालायची, असा हट्ट."

हेलनबाई चांदणीकडे बघत होत्या. "जेवता का वेळेवर?"

"कोण?"

"तुम्ही सगळे."

"डबे येतात. मॅडमचा बरेचदा तसाच परत जातो."

हेलनबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आता लिही. आईला ठेवा. पण एक दोष तेवढा काढा. तिनं कडी लावली, हे दाखवता. लावून ती त्याच दाराला टेकून उजाडेपर्यंत उभी होती, ते नाही दाखवत. बाहेरच्याला कसं दिसणार म्हणा. एकदा दार आतून दाखवा. मग पोरीनं परत यायचं का नाही, ते तिचं ती ठरवेल."

मालनबाई आता हसत नव्हत्या. कुणी न सांगताच त्या आत गेल्या आणि एक डबा घेऊन आल्या.

सृष्टीनं उत्तर शब्दशः उतरवलं. मॅडमनी तसं बजावलं होतं. "फार छान सांगितलंत, आजी. तुमचं आडनाव काय लिहू?"

"नको लिहूस. आण गं मालन, मी देते तिला."

हेलनबाई पहिल्यांदाच उठल्या. टेबलाची कड धरून दोन पावलं आल्या आणि डबा सृष्टीच्या हातात ठेवला. झाकण नीट बसलं नव्हतं. आत करंज्या होत्या, कडेला बोटानं घातलेली बारीक मुरड.

"ऑफिसात वाटून टाकू नकोस," त्या म्हणाल्या. "एंजेलाला दे. आणि तिला सांग, मी डाव्या पायानं लंगडते."