पालकांनी बाहेर बसावं

नव्या पदवीधरांना नोकरीसाठी तयार करायला एका कंपनीनं यवतमाळात प्रशिक्षण ठेवलं होतं. अश्वजित आणि त्याची आई पंचफुला राळेगावहून पहिल्या एसटीनं पोचले. दारातल्या मॅडम त्याला म्हणाल्या, “तू आत ये. पालकांनी बाहेर बसावं.”

पंचफुला निमूट मागे वळली. अश्वजितनं तिचा हात धरला आणि निवडपत्र पुढे केलं.

“मॅडम, मी बारावीले आहो. बीए मायी माय झाली.”

मॅडम चटकन उठल्या आणि पंचफुलाला स्वतः आत घेऊन गेल्या.

अश्वजित व्हरांड्यात पालकांच्या रांगेत ऐटीत बसला. शेजारच्या काकांनी विचारलं, “बहीण आली का रे तुही?”

“नाही काका,” सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, “माय आली मायी!”