तिसऱ्या खेपेचा अभ्यास

किर्गिझस्तानात डॉक्टरकी शिकून आलेली सुलक्षणा इथल्या परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाली, तेव्हा आईनं खुटबावचं स्थळ आणलं. पाहुणे तळेगावच्या घरी येऊन टेकले, तरी साडी नेसून ती आतल्या खोलीत औषधांचे डोस घोकतच होती. मुलाचे मामा म्हणाले, "आता तिसऱ्यांदा कशाला परीक्षा? आमच्याकडं काय कमी न्हाई. बोलवा पोरीला." नापास झाल्यापासून वडील परीक्षेबद्दल चकार शब्द बोलले नव्हते; त्यांना आपली लाज वाटते, असंच ती धरून चालली होती. तिनं पुस्तक मिटलं, पदर सारखा केला आणि उठली. तेवढ्यात वडिलांचा खणखणीत आवाज आला, "मामा, चहा घ्या. डॉक्टरीणबाई अभ्यासाला बसल्यात, आन् त्यांना मधी उठवायचं न्हाई." ती पुन्हा पुस्तकाकडे वळली. एरवी ‘ए सुले’ म्हणणाऱ्या बापानं तिला अहोजाहो केलं होतं, तेही निकालाआधी.