चौथी टकटक

पुढे जुन्या रेडिओतला काचेचा व्हॉल्व्ह, मागे ट्रान्झिस्टर अशी जोड जमवण्यात माझी तीन वर्षं गेली, तरी अ‍ॅम्प्लिफायरची गुणगुण जाईना. ती आज थांबली नाही तर सगळं भंगारात जाईल, असं बायकोने, चिझुएने, बजावलं होतं.

दोष शोधायला मी निप्पोनबाशीच्या जुन्या सामानाच्या बाजारातून आणलेल्या व्हॉल्व्हवर चॉपस्टिकने तीनदा टकटक केली. स्पीकरमधून ती चारदा आली.

"आता मोजताही येईना तुम्हाला," चिझुए म्हणाली.

"मग तूच मोज."

मी पुन्हा तीनदा वाजवलं. तिने चार बोटं दाखवली, पण हसली नाही.

वैतागून मी व्हॉल्व्ह उपटला, भिंतीतला प्लगही ओढला. गुणगुण थांबली.

चॉपस्टिक टेबलावर ठेवली, तेवढ्यात स्पीकरमधून तीनदा टकटक आली.

"वाजवू नका," चिझुए हळूच म्हणाली. "चौथी आपल्याकडून हवीय त्याला."