हमखास गुण

झाडं फुलली की माझ्या शिंका सुरू होतात आणि नवरा वैतागून म्हणतो, “जा बाई, मागच्या खोलीत झोप.” वर्षातले तेवढेच दोन महिने मी आतून कडी लावून निवांत झोपते. यंदा त्यानेच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या, “नाकातल्या या स्प्रेने तुम्हाला दोन आठवड्यांत हमखास गुण येणार.” रोजचे दोन फवारे मी बेसिनला पाजले. पंधराव्या दिवशी नाक चोंदलेलंच बघून त्या चक्रावल्या. “माझा अंदाज सहसा चुकत नाही. स्प्रे मारता कसा, दाखवा बरं.” मी गडबडले. त्यांनीच मान खाली वाकवून, नळी नाकात तिरकी धरून शिकवलं. टक लावून बघणाऱ्या नवऱ्याने बाटली स्वतःच्या खिशात टाकली. “उद्यापासून हे काम माझं.” “भाग्यवान आहात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कडी लावायला आता चौदाच रात्री उरल्या होत्या.